बरी झाली, पण कुणाच्या मापाने?

2007 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. खोकलं, शिंकलं, ओझं उचललं की लघवी सुटते अशी तक्रार असलेल्या 655 बायकांची दोन गटांत वाटणी केली होती. एका गटावर मूत्राशयाच्या मानेला टाके घालून आधार देणारं जुनं बर्च ऑपरेशन झालं. दुसऱ्या गटात बाईच्याच पोटाच्या स्नायूवरच्या जाड आवरणाची पट्टी काढून ती मूत्रनलिकेखाली झोळीसारखी बसवली. दोन वर्षांनी हिशेब मांडला. फक्त खोकल्या-शिंकण्याची तक्रार धरली, तर झोळीच्या गटात 66 टक्के बायका बऱ्या आणि बर्चच्या गटात 49 टक्के. लघवी कोणत्याच कारणाने सुटू नये, पॅड कोरडं निघावं, डायरीत नोंद नसावी, बाईची तक्रार नसावी, पुन्हा उपचार लागलेला नसावा, अशा सगळ्या अटी एकदम लावल्या तेव्हा तेच आकडे 47 आणि 38 वर आले. बायका त्याच आणि टाकेही तेच.

या संशोधकांनी दोन्ही हिशेब छापले, म्हणून आपल्याला ही तफावत दिसते. पण समजा एका चाचणीने पहिलं माप वापरलं, दुसरीने दुसरं, आणि तिसरीने सर्जनच्या मतावर ‘रुग्ण समाधानी’ एवढंच लिहिलं. या तिन्हींची तुलना करून कोणतं ऑपरेशन चांगलं ते सांगायचं कसं? मूत्राशयाच्या विकारांवरच्या संशोधनाची जवळजवळ पन्नास वर्षं या प्रश्नाशी झुंजण्यात गेली आहेत. या झटापटीचा आढावा मी धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या गावाकडे तोंड करून घेणार आहे. तेरमध्ये अशी एखादी मोठी चाचणी झाली म्हणून नव्हे. तेरणेकाठच्या, ऊसपट्ट्यातल्या आणि वरचेवर दुष्काळ पाहणाऱ्या गावात एखादं माप चालत नसेल, तर त्याला जागतिक म्हणायचं की नाही, हे तिथूनच नीट कळतं.

आधी तक्रारींबद्दल. लोक डॉक्टरकडे ‘मूत्राशयाचा कार्यदोष’ घेऊन येत नाहीत. ‘शिंक आली की सुटते’, ‘घाई लागली की दारापर्यंत दम निघत नाही’, ‘रात्री चारदा उठावं लागतं’, ‘तुंबते, थेंब थेंब होते’, ‘उन्हाळी लागली’ असं सांगत येतात. पहिल्या तक्रारीचं कारण बाळंतपणांनी सैल झालेला खालचा आधार, दुसरीचं मूत्राशयाच्या स्नायूची अवेळी उबळ, चौथीचं बहुधा म्हाताऱ्या पुरुषाची प्रोस्टेट. यातली उन्हाळी मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात आहे, पण तिचं दुखणं जंतूंचं आहे, की कमी पाणी पिण्याचं, की मूत्राशयाच्या अस्तराचं, हे नुसत्या नावावरून कळत नाही. एकाच बाईला यातल्या तीन तक्रारी असू शकतात. त्यातली कोणती गेली म्हणजे ती बरी झाली, हा वाद तिथूनच सुरू होतो.

इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी ही संस्था 1971 मध्ये सुरू झाली आणि परिभाषा एकसारखी करण्यासाठी तिने लवकरच समिती नेमली. 1976 मध्ये पहिला अहवाल आला, 1988 मध्ये एकत्रित, 2002 मध्ये नव्याने. आरंभीच्या या समित्यांमध्ये दाब मोजणाऱ्या यंत्रांचा दबदबा होता. मूत्राशयात नळी घालून, पाणी भरून, स्नायूचा दाब कागदावर उमटवायचा. रेघ वर गेली तर मूत्राशय ‘अस्थिर’, नाही तर नाही. 2002 च्या अहवालात मात्र कल झुकलेला दिसतो. रुग्ण काय सांगतो त्याला पहिला मान, डॉक्टरला काय दिसतं त्याला दुसरा, यंत्र काय म्हणतं त्याला तिसरा. मधल्या 1998 मध्ये याच संस्थेने चाचण्यांत कोणती निष्पत्ती मोजावी यावर स्वतंत्र अहवाल काढले. त्यात प्रौढ स्त्रिया वेगळ्या, पुरुष वेगळे, थकलेले वृद्ध वेगळे धरले होते. सल्ला असा की एकच आकडा पुरणार नाही: रुग्णाचं म्हणणं, लक्षणांची मोजणी, शरीराची तपासणी, जगण्यावरचा परिणाम आणि उपचाराचा खर्च, सगळ्याची नोंद हवी. सल्ला शहाणा होता. चाचणी करणाऱ्यांनी मात्र त्यातलं सोयीचं तेवढं उचललं.

एक तासाची पॅड चाचणी घ्या. 1983 साली संस्थेने ती ठरवून दिली. बाईने वजन केलेलं पॅड लावायचं, अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि थोडा वेळ बसायचं. मग चालायचं, जिने चढायचे, दहा वेळा उठबस, दहा वेळा खोकणं, एक मिनिट जागच्या जागी धावणं, पाच वेळा वाकून जमिनीवरची वस्तू उचलणं आणि शेवटी एक मिनिट वाहत्या पाण्यात हात धुणं. पॅड एका ग्रॅमहून अधिक जड झालं तर चाचणी सदोष. कागदावर काटेकोर. पण या यादीत उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं नाही. उकिडवं बसून खुरपणं नाही, हंडा कमरेवर घेणं नाही. तेरजवळच्या ढोकीला तेरणा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच श्रमावर. ज्या हालचालीने मोळी वाहणाऱ्या बाईची लघवी सुटते ती हालचालच चाचणीत नसेल, तर तिचं पॅड एका तासानंतर कोरडं निघेल आणि ती ‘बरी’ ठरेल. राहिलं मिनिटभर वाहतं पाणी. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा हे कलम कोणत्या तोंडाने पाळायचं?

मूत्राशयाची डायरी हे त्यामानाने चांगलं साधन आहे. तीन दिवस किती प्यायलं, किती वेळा आणि किती लघवी झाली, किती वेळा सुटली, सगळं लिहायचं. स्वस्त, बिनवेदनेचं आणि यंत्राहून प्रामाणिक. पण तिलाही दोन गोष्टी लागतात: लिहिता येणारा हात आणि मापाचं भांडं. मराठवाड्यातल्या हवेचाही तिच्यावर परिणाम होतो. वैशाखात घामाने अंग निथळतं, लघवी कमी होते, श्रावणात वाढते. उपचाराआधीची डायरी मे महिन्यातली आणि नंतरची ऑगस्टमधली असेल, तर औषध काम करत असूनही आकडा वाढलेला दिसेल. शिवाय बाहेर जायचं म्हटलं की आमच्या बायका आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. एसटीच्या प्रवासात, बाजारच्या दिवशी, शेतावर आडोसा नसताना. डायरीत त्या दिवशी ‘एकदाही सुटली नाही’ अशी नोंद होईल, पण त्या कोरडेपणाचं श्रेय गोळीला द्यायचं नाही. म्हणून किती प्यायलं हा रकाना माझ्या मते सुटण्याच्या रकान्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि छापील निष्कर्षांत तोच सर्वांत आधी गाळला जातो.

यंत्राचं काय? शस्त्रक्रियेपूर्वी दाबमापन केलंच पाहिजे असा शहरी रुग्णालयांचा दंडक होता. 2012 साली अमेरिकेतल्याच 630 बायकांच्या चाचणीने त्याची परीक्षा घेतली. निम्म्यांची साधी तपासणी, निम्म्यांची तपासणी अधिक यंत्र. वर्षाने यश यंत्रवाल्या गटात 76.9 टक्के, बिनयंत्राच्या गटात 77.2. फरक नाहीच. मुख्यतः खोकल्या-शिंकण्याची साधी तक्रार असलेल्या बायकांपुरताच हा निष्कर्ष आहे. मणक्याला मार बसलेला रुग्ण किंवा आधी ऑपरेशन फसलेली बाई यांना तो लागू करता येणार नाही. तरीही ग्रामीण रुग्णालयाच्या दृष्टीने ही मोठी सुटका आहे. बाईला भरलेल्या मूत्राशयाने खोकायला लावणं, लघवी झाल्यावर आत किती उरली ते बघणं आणि तिला नीट विचारणं, एवढं तेरलाही होऊ शकतं.

‘नीट विचारणं’ हे मात्र सोपं काम नाही. त्यासाठी जगात सर्वाधिक वापरली जाणारी छोटी प्रश्नावली म्हणजे 2004 ची आयसीआयक्यू. किती वेळा सुटते याला शून्य ते पाच गुण, किती सुटते याला शून्य ते सहा, रोजच्या जगण्यात किती अडथळा होतो याला शून्य ते दहा. एकूण एकवीस. शेवटी केव्हा सुटते असा बिनगुणांचा एक प्रश्न. पुरुषांच्या प्रोस्टेटच्या तक्रारीसाठी सात प्रश्नांची, पस्तीस गुणांची प्रश्नावली 1992 पासून आहे. प्रश्नावली एका भाषेतून दुसरीत नेताना भाषांतर, उलट भाषांतर आणि मोजक्या रुग्णांवर चाचपणी अशी पद्धत ठरलेली आहे. ती पाळली तरी एक गोष्ट निसटते. शून्य ते दहामध्ये अडथळा किती, हे ज्या बाईला आयुष्यात कुणी विचारलं नाही ती कोणता आकडा सांगेल? ‘चालायचंच, वयाचं असतं’ म्हणणारी बाई दोन सांगते. तिच्याएवढीच लघवी सुटणारी, पण देवघरात जायची, लग्नकार्यात पंगतीला बसायची लाज वाटणारी दुसरी नऊ सांगते. लाज आणि सवय यांनी ही पट्टी आधीच वाकवलेली असते.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी केलेला अभ्यास इथे आठवावाच लागतो. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये तो आला. दोन गावांतल्या 650 बायका. त्यांपैकी 55 टक्क्यांनी स्त्रीरोगाची तक्रार सांगितली, तपासणीत 92 टक्क्यांना काही ना काही आजार निघाला, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. लघवीच्या चाचण्यांशी त्याचा थेट संबंध नाही, पण मोजमापाचा धडा तोच आहे. विचारून मिळणारा आकडा आणि तपासून मिळणारा आकडा वेगळे असतात आणि दोन्ही खरे असतात. बंगांनी दोन्ही मांडले म्हणून त्या अभ्यासाचा जगभर आवाज झाला. चाचण्यांत सहसा एकच मांडतात, तोही ज्याने उपचार उजळ दिसेल तो.

औषधांच्या बाबतीत ही चलाखी उघडी पडते. घाईची लघवी कमी करणाऱ्या गोळ्यांवर शेकड्यांनी चाचण्या झाल्या. 2003 साली ‘बीएमजे’मध्ये त्यांतल्या 32 चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. खोट्या गोळीच्या तुलनेत खऱ्या गोळीने 48 तासांत साधारण एक वेळ कमी सुटते, एक वेळ कमी जावं लागतं. संख्याशास्त्राच्या भाषेत हा फरक पक्का. तोंड कोरडं पडण्याचा त्रास मात्र गोळीवाल्यांना बराच जास्त. दोन दिवसांत एक खेप वाचली म्हणून जीभ टाळूला चिकटवून बसायचं का, हे रुग्णानेच ठरवायचं असतं, आणि चाचणीने त्यालाच विचारलेलं नसतं. प्रोस्टेटच्या पस्तीस गुणांच्या पट्टीवर निदान एवढं शोधून काढलं आहे की सुमारे तीन गुणांचा फरक पडला की रुग्णाला थोडं हलकं वाटतं. त्याखालचा फरक औषध कंपनीला कळतो, रुग्णाला नाही. मुलांच्या अंथरुणात लघवी होण्याबाबत मुलांच्या लघवीच्या तक्रारींवरची आंतरराष्ट्रीय संस्था आणखी सरळ गेली: ओल्या रात्री निम्म्यानेही कमी झाल्या नाहीत तर उपचार फसला, निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाल्या तर अर्धा लागू, पूर्ण थांबल्या तरच पूर्ण. आईलाही समजेल असा हिशेब!

सर्वांत महाग पडलेली चूक मात्र वेगळी होती. स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी 1996 च्या सुमारास लघवीसाठी प्लास्टिक जाळीची पट्टी आणली. ऑपरेशन छोटं, बाई लवकर घरी, पॅड कोरडं. यशाचं माप ‘कोरडी की ओली’ एवढंच होतं, आणि त्या मापावर पट्टी चांगलीच उतरली. तशीच जाळी मग अंग बाहेर येण्यावरही बसवू लागले, जास्त मोठी आणि जास्त घाईने. काही बायकांना जाळी आत टोचू लागली, संबंध अशक्य झाले, चालणं अवघड झालं. पण बऱ्याच चाचण्यांच्या तक्त्यात दुखण्याचा रकानाच नव्हता, असला तरी सहा महिन्यांनी बंद होणारा. जाळीच्या गुंतागुंतीचं वर्गीकरण आंतरराष्ट्रीय संस्थांनी केलं ते 2011 मध्ये. 2018 मध्ये इंग्लंडने या पट्ट्यांचा वापर थांबवला, 2019 मध्ये अमेरिकेने अंग बाहेर येण्यासाठीच्या जाळ्यांची विक्री बंद करवली. 2020 च्या बॅरोनेस कम्बरलेज यांच्या अहवालात तक्रार करणाऱ्या बायकांना वर्षानुवर्षं कसं झटकलं गेलं त्याची नोंद आहे. साध्या लघवीच्या पट्टीचा पुष्कळ बायकांना फायदाच झाला, हेही खरं. पण किती जणींना तोटा झाला हे ठामपणे सांगता येत नाही, कारण नीट मोजलंच नाही.

या सगळ्यातून किमान समान यादीची कल्पना पुढे आली. आघाडी सरकारांचा किमान समान कार्यक्रम महाराष्ट्राने बरेचदा पाहिला आहे. कल्पना जवळपास तीच. एका आजारावरच्या प्रत्येक चाचणीने या मोजक्या गोष्टी तरी मोजायच्याच, त्यापलीकडे हवं ते मोजा. संधिवाताच्या डॉक्टरांनी हे 1992 पासून केलं. 2010 मध्ये लिव्हरपूलला ‘कॉमेट’ हा सर्व आजारांसाठीचा उपक्रम निघाला, 2014 मध्ये स्त्रीआरोग्याच्या नियतकालिकांच्या संपादकांनी ‘क्राउन’ नावाने एकत्र येऊन यादीचा पाठपुरावा सुरू केला, आणि लघवी व अंग बाहेर येणं यांसाठी ‘कोरस’ नावाचा आंतरराष्ट्रीय गट काम करतो आहे. रीत अशी की आधी छापलेल्या चाचण्यांतली सगळी मापं गोळा करायची, मग डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण यांना फेऱ्याफेऱ्यांनी गुण द्यायला लावायचे आणि शेवटी सहमती.

तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांची गोष्ट इथे टाळवत नाही. संतमंडळी जमली असताना काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत कोणतं मडकं कच्चं ते पाहिलं, आणि नामदेव कच्चे ठरले. माप एक, हात एक, सर्वांना सारखं. प्रमाणीकरण म्हणावं तर हेच. पण या गोष्टीत मला नामदेवांचा राग जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी मापावरच आक्षेप घेतला. किमान समान यादी ठरवणाऱ्या फेऱ्यांत असा आक्षेप घेणारे रुग्ण बसतात, पण ते बहुतेक इंग्रजी येणारे, इंटरनेटवरून भाग घेऊ शकणारे. मोळी उचलणारी तिथे नसते, म्हणून ‘ओझं उचलून काम करता येतं का’ हे कलमही यादीत वर सरकत नाही.

मुंबईच्या स्त्रीरोगशास्त्राचाही या बाबतीत मोठा वारसा आहे. गोव्याचे वि. ना. शिरोडकर आणि पुरंदरे यांच्या नावाची अंग बाहेर येण्यावरची ऑपरेशनं पाठ्यपुस्तकांत आहेत, आणि ती निघाली मूल हवं असलेल्या तरुण बायकांसाठी. त्या काळी निकाल सर्जनच्या डोळ्यांनी ठरायचा. अंग किती सेंटिमीटर खाली आलं हे सगळीकडे एकाच रीतीने मोजायची पद्धत 1996 मध्ये ठरली. कर्तबगारीत कमी नव्हती, मोजणीत होती.

आज मराठवाड्यात ही उणीव जास्त बोचते. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी आली: 82,309 जणींपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली. आकडा देशभर गाजला, आणि तो ऑपरेशनांचा होता. त्यानंतर लघवी सुटते का, घाई लागते का, अंग उतरतं का, मोळी उचलता येते का, हे दरवर्षी कुणी विचारत राहिलं असतं तर तो देशातला सर्वांत मोलाचा पाठपुरावा ठरला असता. विचारणारी माणसं या भागात नाहीत असंही नाही. आरोळे दांपत्याने 1970 पासून शेजारच्या जामखेडला गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. धाराशिवच्याच अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारतवैद्य’ बायका उभ्या केल्या. आता आशाताई घरोघर आहेत. शून्य ते दहाची पट्टी यांच्या तोंडून विचारली गेली, तर उत्तर डॉक्टरसमोर मिळतं त्यापेक्षा खरं मिळेल, असं मला वाटतं. अर्थात आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर चढवायचं असेल तर आधी त्याचा मोबदला ठरवा.

2009 पासून भारतात नव्या चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करावीच लागते आणि मुख्य निष्पत्ती कोणती ते आधी लिहावं लागतं. त्यामुळे निकाल लागल्यावर गोलचे खांब हलवणं थोडं अवघड झालं आहे. त्याच रकान्यात किमान समान यादीतल्या गोष्टी सक्तीच्या केल्या तर काम बरंच पुढे सरकेल. माझ्या यादीत थोडंच येईल: बाईचं स्वतःचं म्हणणं, तीन दिवसांतल्या सुटण्याची आणि पिण्याची मोजणी, तिचं नेहमीचं काम करता येतं का, दुखणं आणि पुन्हा ऑपरेशन, आणि हे सगळं निदान पाच वर्षं.

पाच वर्षं म्हटलं की गळतीचा प्रश्न येतो, आणि सर्वांत कमी लिहिलं जातं ते यावरच. ब्रिटन-आयर्लंडमधल्या 344 बायकांच्या चाचणीत, प्लास्टिकची पट्टी की टाके या तुलनेत, तपासणीला न आलेल्या बायकांना बऱ्या धरायचं, फसलेल्या धरायचं की वगळायचं यावर निकालाचा तोल बदलत होता. आपल्याकडे न येण्याचं कारण ठाऊक असतं. दसरा झाला की ऊसतोडीची टोळी निघते; कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. कारखाने मार्च-एप्रिलकडे बंद होतात तोवर ती बाई फडावर असते. तिचं ऑपरेशन एप्रिलमध्ये केलं तर सहा महिन्यांची तपासणी टोळी निघायच्या आत सप्टेंबरअखेर उरकता येते आणि वर्षाची पुन्हा एप्रिलमध्ये, ती परतल्यावर. डिसेंबरमध्ये केलं तर वर्षाच्या तपासणीला ती उसात असते आणि तक्त्यात ‘संपर्क तुटला’ म्हणून लिहिली जाते.